गोविंदरावांची उशी

गोविंदराव मोघे लग्नात आहेर म्हणून उशी देतात. मुंजीत बटूला उशी देतात, बारशाला मोहरीची छोटी उशी देतात, आणि मागे एका निवृत्ती समारंभात शाल-श्रीफळाच्या रांगेत उभं राहून त्यांनी सत्कारमूर्तींच्या हातात उशीच ठेवली होती. सत्कारमूर्ती पोलीस खात्यातले होते. त्यांनी ती आधी चारही बाजूंनी दाबून पाहिली, मग आभार मानले.

एकदा तेराव्यालाही दिली. घरातले नातेवाईक चिडले. गोविंदराव शांतपणे म्हणाले, "नवरा गेल्यापासून ती बाई झोपलेली नाही. धीर धर म्हणून सगळ्यांनी सांगून झालं. डोकं कुठे टेकायचं ते पण कोणी सांगायला हवं ना?" त्या बाई पुढे महिनाभरानं त्यांच्या घरी पोह्याचे पापड देऊन गेल्या. 

उशीत कापूस सेमलचाच. महाराष्ट्रात त्याला शेवरी म्हणतात हे त्यांना माहीत आहे, पण मोघ्यांचं घराणं कित्येक पिढ्या काशीत. त्यांच्या मराठीत सेमल, ताला, परेशान आणि समझावणं हे शब्द घरचे होऊन राहिले आहेत. भोसले घाटाच्या वरच्या गल्लीत त्यांचं तीन मजली घर आहे. गल्ली त्यांना 'तकिया गुरू' म्हणते. तोंडावर म्हणते आणि त्यांनाही ते आवडतं.

ते विद्यापीठात शरीरविज्ञान शिकवून निवृत्त झाले. विषय मेंदू, आणि त्यातही झोप. दारावरच्या पाटीवर नावाआधी 'डॉ.' आहे. त्यामुळे खोकला, पाठदुखी आणि विंचूदंशापर्यंतचे रुग्ण पहिल्यांदा त्यांच्याकडे येतात. पाटीखालचा हा संवाद मी अनेकदा ऐकला आहे.

"भाई, मैं दवाईवाला डॉक्टर नहीं हूँ."

"त काहे क डाक्टर हउआ?"

"नींद का."

"त नींद क गोली दे दा."

यानंतर गोविंदराव त्या माणसाला ओट्यावर बसवतात आणि झोपेवर व्याख्यान देतात. व्याख्यान संपेपर्यंत निम्मे लोक तिथेच पेंगतात. गोविंदरावांना तो आपल्या विषयाचा विजय वाटतो.

मी एका हिंदी दैनिकात रात्रपाळीला असतो आणि मोघ्यांच्या समोरच्या घरात भाड्यानं राहतो. राहायला आलो त्या दिवशी दुपारी दार वाजलं. बाहेर गोविंदराव. नमस्कार वगैरे काही नाही. त्यांनी अंगठ्यानं माझी खालची पापणी ओढली, आत बघितलं आणि विचारलं, "भांडी घासून झाली का?"

मी म्हणालो, मी बाहेरच जेवतो.

"तुमच्या डोक्यातली विचारतोय," ते म्हणाले.

त्यांची उपपत्ती थोडक्यात अशी. मेंदू दिवसभर रांधत असतो. रांधलं की खरकटी भांडी साठणारच. आपण झोपलो की भांडीवाली येते, सगळं घासते, मोरी धुते, आणि जाताना दिवसभर ऐकलेलं-शिकलेलं डब्यांत भरून फडताळात लावते. "आता तुम्ही दारच उघडलं नाहीत तर ती बिचारी काय करणार? परत जाते. दुसऱ्या दिवशी त्याच भांड्यांत पुन्हा रांधायचं. असं वर्षानुवर्षं चाललं की स्वयंपाकघराची काय हालत होते, विचार करा." यात विज्ञान किती आणि भांडी किती, हे मी एका डॉक्टर मित्राला विचारलं. तो म्हणाला, भांडी जरा जास्त आहेत, पण मुद्दा बरोबर आहे.

माझी भांडी सकाळी घासली जातात, हे कळल्यावर गोविंदरावांनी सकाळची गल्ली ताब्यात घेतली. भाजीवाल्याला ओरडायची बंदी झाली. तो आता प्रत्येक दाराशी येऊन कानात 'लौकी' म्हणतो. कोपऱ्यावरच्या देवळात त्यांनी घंटेच्या लोलकाला फडकं बांधलं. पुजारी भांडायला आले, "घंटा नहीं बजेगी तो भगवान जागेंगे कैसे?" गोविंदराव म्हणाले, "भगवान तो जागे हुए हैं महाराज. वे आपके सोने की राह देख रहे हैं." फडकं अजून आहे.

त्या गल्लीतून मणिकर्णिकेकडे अंत्ययात्रा जातात, रामनामाच्या गजरात. त्यांना मात्र ते कधी अडवत नाहीत. कारण विचारलं तर म्हणाले, "त्यांच्यातला एक जण तरी पुरेसा झोपलेला असतो."

ते स्वतःची झोप नोकरीसारखी करतात. रात्रीचं जेवण लवकर. मग तिसऱ्या मजल्यावर जायचं, कानांत सेमलचा कापूस ठासायचा, डोळ्यांवर जुन्या मफलरची पट्टी बांधायची आणि संपलं. एका रात्री माकडांच्या टोळीनं मोघ्यांच्या गच्चीवरची पाण्याची टाकी उलथवली. जिन्यावरून पाण्याचा लोंढा आला, सगळी गल्ली काठ्या घेऊन बाहेर पडली, कोणीतरी फटाके लावले. गोविंदराव सकाळी खाली आले आणि सुनेला म्हणाले, "अंजली, नळाला पाणी का नाही?"

सून त्यांची नव्हे, थोरल्या भावाची. अंजलीवहिनींचे पती नोकरीनिमित्त बाहेरगावी असतात. गोविंदराव अविवाहित आहेत. का, असं एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "दुसऱ्या माणसाची झोप फार जवळून बघावी लागते. जबाबदारीचं काम आहे."

थोरले भाऊ म्हणजे अप्पा. वेदमूर्ती, घनपाठी. तळमजल्यावर त्यांची पाठशाळा चालते. घनपाठ म्हणजे मंत्रातली पदं सरळ, उलटी, पुन्हा सरळ, अशी एकमेकांत विणत म्हणायची. पुस्तक समोर नाही. गुरूनं संथा द्यायची, शिष्यांनी दोनदा म्हणायची, आणि अशी वर्षं घालवायची. या घराण्यात हे काम बापाकडून मुलाकडे येत गेलं. गोविंदरावांवर मात्र ते येऊन थांबलं, कारण लहानपणी पहाटेच्या संथेला ते बसल्या-बसल्या झोपायचे. वडिलांनी पाणी मारून पाहिलं, उभं करून पाहिलं. ते उभ्यानं झोपले.

तेव्हापासून दोघा भावांत एकच वाद आहे. अप्पांचं म्हणणं, विद्यार्थ्याची झोप कुत्र्यासारखी हवी, पान वाजलं की डोळा उघडा. गोविंदरावांचं म्हणणं, कुत्रा वेद म्हणत नाही.

"अरे, तुझी पोरं दिवसा जे पाठ करतात ते रात्री पक्कं होतं. एक तास जास्त झोपू दे त्यांना."

"गोविंदा, तू झोपून काय पाठ केलंस?"

 अप्पांशी बोलताना गोविंदराव नेहमी हरत, आणि हरल्यावर जरा बरं वाटल्यासारखे दिसत.

एक गोष्ट दोघंही टाळत. त्यांचे वडीलही मोठे घनपाठी होते. शेवटच्या काही वर्षांत त्यांना वेद आठवत होता, मुलं आठवत नव्हती. पुढे वेदही गेला. दोन्ही मुलांनी ते रोज जवळून पाहिलं. थोरला त्यावर कधी बोलला नाही. धाकट्यानं त्यावर नोकरी केली.

गेल्या वर्षी चैत्रात एका मराठी घरी वसंतपूजा होती. काशीतल्या आपल्या लोकांनी हा प्रघात टिकवून ठेवला आहे. उन्हाळा लागला की वैदिकांना बोलवायचं, हाताला चंदन लावायचं, त्यांनी मंत्र म्हणायचे, मग आंब्याची डाळ, भिजवलेले हरभरे आणि पन्हं. अप्पा मध्यभागी बसले होते. घन चालू होता. आवाज नेहमीसारखा खणखणीत.

वैदिकांना एक धोका ठाऊक असतो. दोन वेगळ्या मंत्रांत पदांची एकच जोडी आली, की तिथे रुळांचा सांधा असतो. लक्ष असेल तर गाडी आपल्या रुळावर राहते. नसेल तर दुसऱ्या मंत्रात शिरते, आणि म्हणणाऱ्याला ते कळतही नाही, कारण तो मंत्रही त्याला तितकाच पाठ असतो. अप्पा त्या सांध्याशी आले आणि दुसऱ्या मंत्रात गेले.

अशा वेळी या मंडळींत तोंडानं चूक सांगत नाहीत. शेजारचा वैदिक उजव्या हाताचं बोट किंचित वर उचलतो. म्हणणारा ते बघतो, मागे येतो, पुढे जातो. यात कोणाचा अपमान नसतो. शिकताना प्रत्येकानं हजार बोटं पाहिलेली असतात. पण अप्पांसमोर बसलेले सगळे त्यांचेच शिष्य होते, किंवा शिष्यांचे शिष्य. कोणाचंही बोट उठलं नाही. सगळे मांडीवरच्या हातांकडे बघत राहिले. अप्पा चुकीच्या मंत्राच्या शेवटापर्यंत गेले, थांबले, आणि ती शांतता त्यांना ऐकू आली.

घरी येताना ते एवढंच म्हणाले, "बोट का नाही उचललं कोणी?"

दुसऱ्या दिवसापासून पाठशाळा बंद झाली. अप्पा दिवसभर खुर्चीत बसू लागले. बोलता-बोलता डोळा लागायचा. सकाळी डोकं जड असायचं. चष्मा कुठे ठेवला, जेवण झालं की नाही, यावरून चिडायचे. अंजलीवहिनींनी काळजीनं विचारलं तेव्हा म्हणाले, "बाबांचं पण असंच सुरू झालं होतं. तू परेशान होऊ नकोस. आता हे असंच जाणार."

गोविंदरावांवर त्याचा परिणाम असा झाला. त्याच आठवड्यात गल्लीत एक लग्न होतं. गोविंदराव आले, अक्षता टाकल्या आणि नवरीच्या हातात पाकीट ठेवलं. पाकीट! गल्लीनं एकमेकांकडे पाहिलं. अप्पांची तब्येत खरोखरच गंभीर आहे, हे लोकांना त्या पाकिटावरून कळलं.

गोविंदरावांनी स्वतःला माहीत असलेली प्रत्येक शक्यता तपासली होती. रक्ताच्या तपासण्या करून आणल्या, आहार पाहिला. एका सकाळी मी कामावरून परत येत होतो तेव्हा ते मुन्नू पानवाल्याच्या दुकानाशी बसले होते. मलाही बसवलं. पापणी ओढली नाही.

"एकच गोष्ट कळत नाही," ते म्हणाले. "झोप बिघडली असती तर मी समजलो असतो. पण अप्पाची झोप उत्तम आहे. लवकर पडतो, पडल्या-पडल्या लागते. रात्री उठत नाही."

"हे कोणी सांगितलं?"

"त्यानंच. आणखी कोण सांगणार?"

मी म्हणालो, "झोप गाढ असणार. कामावरून येतो तेव्हा त्यांचं घोरणं गल्लीच्या तोंडाशीच ऐकू येतं."

गोविंदराव माझ्याकडे वळले.

"अप्पा घोरतो?"

मुन्नूचा कात लावणारा हात थांबला. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग दुकानासमोर उभ्या दोन गिऱ्हाइकांकडे. "ल्या! तकिया गुरू के मालूमै ना हौ!" मुन्नू रात्री दुकानाच्या फळीवरच झोपतो. त्यानं माहिती पुरी केली. "पंडितजी क खर्राटा त चलत रहेला. बाकी बीच-बीच में रुक जाला. ऊ रुक जाला त हमार जिउ अटक जाला."

"रुकता है? कितनी बार?"

"के गिने गुरू! रात भर. फिर एक हचका, अउर गाड़ी चालू."

सगळ्या गल्लीला हे माहीत होतं. घोरणं म्हणजे समाधानाची झोप, असं गल्लीचं मत होतं, आणि घरात झोपेचे डॉक्टर आहेत म्हटल्यावर वेगळं सांगायचं तरी काय? फक्त ज्यांना कळायला हवं होतं त्यांच्या कानांत कापूस होता.

गोविंदराव उठले. चप्पल न घालताच घराकडे निघाले. मी त्यांच्या चपला हातात घेऊन मागून गेलो, म्हणून पुढचं मला ऐकता आलं.

अंजलीवहिनी ओट्यावर गहू निवडत होत्या. "अंजली, अप्पा घोरतो?"

"भाऊकाका, चेष्टा करता का?" मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी सूप खाली ठेवलं. "तुम्हाला खरंच माहीत नव्हतं? माई नाही का म्हणायच्या, यांचं इंजिन थांबलं की मी कोपर मारते. मग हे कुशीवर वळतात, आणि गाडी पुढे निघते. सगळे हसायचो आम्ही."

माई म्हणजे अप्पांच्या पत्नी. त्या जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती.

गोविंदराव जिन्याच्या पायरीवर बसले. म्हणाले, "वहिनीचं कोपर." मग, "आणि तो दोन वर्षं एकटा झोपतोय."

त्या दिवशी त्यांनी आपलं अंथरूण तिसऱ्या मजल्यावरून खाली अप्पांच्या खोलीत आणलं.

तपासणी एका खासगी रुग्णालयात झाली. रात्री झोपताना डोक्याला आणि छातीला तारा लावतात. तिथल्या तंत्रज्ञ मुलानं केसांचा अंदाज घेत विचारलं, शिखा जरा बाजूला करता येईल का? अप्पा म्हणाले, "शेंडी सोडून कुठेही लावा. तिथे आधीच जोडणी आहे." वहिनींच्या म्हणण्याप्रमाणे, कित्येक आठवड्यांत त्यांनी केलेला हा पहिला विनोद होता.

अहवाल आला. घसा झोपेत मिटत होता, श्वास थांबत होता, आणि श्वास थांबला की मेंदू दचकून अर्धवट जागा होत होता. रात्रभर. सकाळी अप्पांना त्यातलं काहीच आठवत नव्हतं. गोविंदरावांनी ते अप्पांना आपल्या भाषेत समजावलं. "भांडीवाली येत होती रे. दारही उघडं होतं. पण तिनं पहिलं भांडं हातात घेतलं की कोणीतरी तिला बाहेर काढत होतं."

"आणि बाबांचं?" अप्पांनी विचारलं.

हा प्रश्न गोविंदराव आधीच डॉक्टरांनाही विचारून आले होते. डॉक्टरांनी हमी दिली नाही. चांगले डॉक्टर देत नाहीत. पण ते म्हणाले की स्मरणशक्तीच्या बाकीच्या चाचण्या ठीक आहेत, वडिलांच्या आजाराची खूण त्यांना दिसत नाही, आणि विसरणं, पेंगणं, चिडणं एवढ्या सगळ्याला ही तुटलेली झोप पुरेशी आहे. आधी श्वास नीट करू, मग बघू. गोविंदरावांनी हे शब्द जसेच्या तसे सांगितले, कमी-जास्त न करता. अप्पांनी मान हलवली आणि वहिनींना म्हणाले, "भूक लागली आहे. काही आहे का?"

श्वास नीट करायचं यंत्र आलं. लहान डबा, त्याला नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मुखवटा. डबा हवा दाबून आत सोडतो, म्हणजे घसा मिटत नाही. अप्पांनी ते पाहिलं आणि जाहीर केलं, "बैलाला मुसकं बांधतात. ब्राह्मणाला नाही."

"अप्पा, बैलाला खाऊ नये म्हणून बांधतात. तुला जगावं म्हणून बांधतोय."

"आणि हे पाणी कसलं?"

हवा कोरडी होऊ नये म्हणून त्या डब्यात थोडं शुद्ध केलेलं पाणी घालावं लागतं. दुकानातली बाटली होती. अप्पांनी ती वाचली. "कारखान्यातलं पाणी नाकातून डोक्यात जाणार? गंगाजल घाल."

"गंगाजलानं मशीन खराब होईल."

"गंगेनं खराब होतं ते मशीन कसलं?"

हा वाद दोन दिवस चालला. पाठशाळेतल्या मुलांना अंगणात बसून तो ऐकायला मिळाला, म्हणजे पाठशाळा बंद होती तरी त्यांचं शिक्षण चालू होतं. शेवटी वहिनींनी तोड काढली. डब्यात बाटलीचं पाणी; डब्याशेजारी गंगाजलाची चांदीची लोटी, वर तुळशीचं पान. हवा लोटीला स्पर्श करून आत जाते असं ठरलं. शास्त्र आणि शरीरविज्ञान दोन्ही पक्षांनी ते मान्य केलं.

फरक सावकाश पडला. आधी दिवसाचं पेंगणं गेलं. मग डोकं हलकं झालं. चष्म्यावरून भांडणं थांबली. एके दिवशी तळमजल्यावरून अप्पांचा आवाज आला, हळू, स्वतःशीच म्हणतात तसा. अंजलीवहिनी पोळपाटाशी होत्या. त्या लाटणं हातात धरून तशाच उभ्या राहिल्या, आवाज थांबेपर्यंत. तो कुठेही न चुकता शेवटाला जाऊन थांबला.

दिवाळीनंतर पाठशाळा पुन्हा उघडली. वेळ मात्र बदलली. पूर्वी अंधारात सुरू होणारी संथा आता उजाडल्यावर सुरू होते. अप्पांनी भावाचं म्हणणं पटल्याचं कबूल केलं नाही. ते म्हणाले, "काशीत सूर्य हल्ली उशिरा उगवतो." मुलांची तक्रार नव्हती.

गल्लीनं सुटकेचा श्वास टाकला. पण तकिया गुरूंचं काहीतरी बिनसलं होतं. उशा पुन्हा सुरू झाल्या होत्या, पापण्या ओढणंही. फक्त आता ओढणाऱ्याच्या पापण्या जास्त सुजलेल्या असत. व्याख्यान देता-देता ते स्वतःच मधे थांबत. एकदा माझ्या दाराशी आले आणि कशाला आलो ते विसरून उभे राहिले. मी त्यांचा प्रश्न त्यांनाच विचारला, "भांडी घासून झाली का?"

"थोडी साठली आहेत," ते म्हणाले आणि परत गेले.

या वर्षीची वसंतपूजा त्याच घरी होती. अप्पांनी आमंत्रण घेतलं आणि आधीच सांगून ठेवलं, "गेल्या वर्षीचाच मंत्र म्हणणार. बोट उचलायला कोणी लाजायचं नाही." माजघर भरलं होतं. वैदिकांच्या मागे आम्ही बाकीचे. गोविंदराव खांबाला टेकून बसले होते, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत अर्थातच उशी.

पन्ह्याचे पेले लावता-लावता अंजलीवहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊकाकांना बघताय ना? मशीन आलं तेव्हा वाटलं, आता वर जातील आपल्या खोलीत. गेलेच नाहीत. वीज गेली तर मशीन थांबेल म्हणतात. यांनी सुट्टीवर आले तेव्हा इन्व्हर्टर बसवला. तरी नाही. कानात कापूस नाही की डोळ्यांवर पट्टी नाही. अप्पांच्या खाटेशेजारी पडून असतात, त्या डब्याचा आवाज ऐकत. जरा वेगळा वाटला की उठून बसतात."

"अप्पांना माहीत आहे?"

"विचारलं मी. म्हणाले, मशीन उत्तम आहे. फक्त त्याच्याबरोबर एक गोविंदा येतो."

घन सुरू झाला होता. अप्पांचा आवाज गेल्या वर्षीइतकाच खणखणीत होता. वेगळेपण एवढंच, की आता सगळे श्वास धरून ऐकत होते. पदं पुढे जात होती, मागे येत होती, पुन्हा पुढे. मला त्यातलं कळत नाही, पण समोरच्या वैदिकांच्या खांद्यांवरून सांधा जवळ आल्याचं कळलं. कोणी मांडीवरच्या हातांकडे बघत नव्हतं. एका शिष्याचं बोट तयार होतं.

अप्पा सांध्याशी आले आणि सरळ पुढे गेले.

बोट खाली आलं. कोणीतरी नाक ओढलं. अंजलीवहिनींनी पदर डोळ्यांना लावला आणि आम्ही सगळ्यांनी एकाच वेळी मागे वळून गोविंदरावांकडे पाहिलं.

गोविंदराव झोपले होते. मान खांद्यावर, तोंड उघडं, हात पिशवीवर. वेद चालू असताना, थोरला भाऊ समोर असताना, ज्या क्षणासाठी वर्षभर झुरले नेमक्या त्या क्षणी. यजमान गोरेमोरे झाले. ते उठले, वाकून लोकांतून वाट काढत खांबापाशी गेले आणि गोविंदरावांना हलवायला त्यांनी हात पुढे केला.

अप्पांना थांबता येत नव्हतं. घन मधे सोडत नाहीत. त्यांनी म्हणता-म्हणताच उजव्या हाताचं बोट किंचित वर उचललं.

यजमानांनी ते पाहिलं. हात मागे घेतला.

अप्पांनी घन पुरा केला. शेवटाकडे आवाज थोडा खाली आला होता, आणि त्यांच्याबरोबर इतर वैदिकांचाही. मग मंडळी उठली, डाळ आणि पन्हं आलं, बोलणी सुरू झाली. त्या गडबडीत गोविंदराव जागे झाले. त्यांनी आधी माझी बाही धरली.

"कुठे चुकला?"

"कुठेही नाही."

"सांध्याशी?"

"सरळ गेले."

त्यांनी डोळे मिटले आणि मान मागे टाकली. ती खांबाला लागली नाही. मागे हात नेऊन त्यांनी चाचपलं. उशी पिशवीतून निघून मानेमागे आली होती.

"ही कोणी ठेवली?"

 दोन हात अंतरावर अप्पा आमच्याकडे पाठ करून हरभरे खात बसले होते. न वळताच ते म्हणाले, "गोविंदा, पन्हं पिऊन घे. आणि मग पुन्हा झोप."